उलट्या आट्याचा नट

३० ऑगस्ट, सोमवार

वडील म्हणायचे, यंत्र उघडायच्या आधी वही उघडावी. कुठला भाग कशानंतर काढला ते लिहिलं नाही, तर जोडताना शेवटी दोन स्क्रू हातात उरतात आणि माणूस ते गुपचूप खिशात टाकतो. म्हणून ही वही. एरवी मला रोजनिशीची हौस नाही. पोर्ट केन्नाच्या पोस्टाच्या खिडकीत एकतीस वर्षं काढली. दुसऱ्यांनी लिहिलेलं पुरेसं हाताळून झालंय.

क्लबाच्या गवत कापायच्या यंत्राची अवस्था अशी. इंजिन दोन ओढींत सुरू होतं. क्लचचा दांडा ढकलला की यंत्र चार पावलं सरकतं आणि थांबतं. इंजिन ओरडत राहतं, चामडं जळल्याचा वास येतो. शिवाय पात्यांच्या रुळाच्या उजव्या टोकाचं बेअरिंग करकरतं, भातात खडा लागावा तसं. माल्कम ड्यूने एकोणीस वर्षं हे यंत्र सांभाळलं. जूनमध्ये तो गेला. जाताना त्याने यंत्राबद्दल कुणाला काहीच सांगितलं नाही.

कडीनाच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, बाई, ते माझ्यापेक्षा म्हातारं आहे, भंगारात द्या आणि बसून चालवायचं घ्या. बसून चालवायच्या यंत्राने कुरण कापतात. क्रोकेच्या मैदानावरची हरळी गालिच्यासारखी छाटावी लागते, नाहीतर लाकडी हातोड्याने कितीही टोला मारा, चेंडू जमिनीत रोवलेल्या तारेच्या कमानीपर्यंत पोचत नाही.

मैदान कमिटीचं पत्र आलंय. ९ ऑक्टोबरला मेटलंडच्या क्लबबरोबर सलामीचा सामना झाला तर ठीक, नाहीतर क्लब बंद पडला असं धरून जागा कॅरव्हॅन लावायला देणार. पत्रात दोनदा ‘खेदपूर्वक’ लिहिलंय. क्लबात कागदावर आम्ही चौघं. बर्ट नॅनकिव्हेल कंबरेच्या ऑपरेशननंतर ॲडलेडला मुलाकडे राहतो. जॉइस वृद्धाश्रमात आहे, मला आई म्हणून हाक मारते. उरलो मी आणि मिसेस मेल्व्हा हाइनरिख.

थंडी सरली. हरळीला हिरवी टोकं फुटायला लागलीत. ती काही माझ्या दुरुस्तीसाठी थांबणार नाही.

१ सप्टेंबर, बुधवार

काढलं: चेनवरचं झाकण (चार स्क्रू, एक बोथट). चेन. दातेरी चक्राच्या टोकाचा मोठा नट काढायचाय. निघत नाही. तेल सोडलं, वडिलांचा मोठा पाना लावला, पान्याला नळी अडकवून लोंबकळले. ढिम्म.

साडेदहाला मिसेस हाइनरिख आल्या. एका हातात घडीची खुर्ची, दुसऱ्यात थर्मास. मी बोलावलं नव्हतं. काही मदत करू का म्हणाल्या. नको म्हटलं. मग शेडच्या दारात खुर्ची मांडून बसल्या, उन्हात पाठ करून. त्यांची बोलायची एक तऱ्हा आहे, आपल्याकडे न बघता आपल्या खांद्यावरून पलीकडे बघतात. पोस्टात यायच्या तेव्हा असं नव्हतं. आता शेत विकून गावात घर घेतलं, बँकेत पैसे आले, तेव्हापासून असेल.

मी नटाशी झटत असताना म्हणाल्या, “आयरिस, तू बरोबर बाजूला फिरवतेयस ना?”

मी म्हटलं, “मिसेस हाइनरिख, माझे वडील जेट्टीवर फिटर होते.”

“अगं, असतील. नट कुठे त्यांना ओळखतो?”

त्या बारापर्यंत बसल्या आणि जाताना केकचा तुकडा ठेवून गेल्या, वर साखरेचा चुरा घातलेला, त्यांच्या जर्मन पद्धतीचा.

२ सप्टेंबर

नट उलट्या आट्याचा होता. दुसऱ्या बाजूला फिरवल्यावर मुकाट्याने सुटला.

हे मिसेस हाइनरिखना सांगायची गरज नाही.

३ सप्टेंबर, शुक्रवार

क्लच उघडला. सोपी रचना आहे: एक लोखंडी वाटी, तिच्यात घुसणारा लोखंडी शंकू, शंकूवर चामड्याचं अस्तर. दांडा ढकलला की शंकू वाटीत रुतून बसतो आणि दोन्ही बरोबर फिरतात. अस्तर तेलाने माखून आरशासारखं गुळगुळीत झालंय. क्लचच्या आतल्या बेअरिंगचं सील गेलं, तिथून ग्रीस झिरपलं. म्हणजे दोन्ही बेअरिंगं बदलायची आणि नवीन चामडं लावायचं.

मिसेस हाइनरिख आजही आल्या. नट कसा सुटला ते विचारलं. मी म्हटलं, तेल मुरल्यावर सुटला.

काढलेलं बेअरिंग त्यांनी मागितलं. तळहातावर घेतलं, डोळे मिटले, दोन बोटांनी हळूहळू फिरवलं आणि म्हणाल्या, “एका जागी खड्डा पडलाय. बघ, इथे.” मी भिंग लावून पाहिलं, तर खरंच कडीत खड्डा होता. बघितल्याशिवाय सांगायचं म्हणजे केवढा तोरा.

मग मी म्हटलं, कडेवर आकडा कोरलाय तो वाचून सांगा, मला लिहून घ्यायचाय. तर म्हणाल्या, चष्मा घरी राहिला. चष्मा त्यांच्या गळ्यात साखळीला लटकत होता. एवढंसं कामही नको असेल तर माणसाने सरळ तसं सांगावं. मीच वाचलं, मीच लिहिलं.

७ सप्टेंबर, मंगळवार

पोर्ट पिरीच्या दुकानात दोन्ही बेअरिंगं मिळतील. दहा-बारा दिवस लागतील म्हणतात.

चामड्याचा प्रश्न आहे. मिसेस हाइनरिखनी आपली काळी पर्स पुढे केली. चर्चला जाताना नेतात ती. म्हणाल्या, काप. मी म्हटलं, हे पातळ आहे, अर्ध्या तासात फाटेल. त्या म्हणाल्या, आता तिच्यात ठेवायला तरी काय आहे? तरी मी परत दिली.

मग त्यांना आठवलं की त्यांच्या जुन्या शेतावर लोकर कातरायच्या शेडमध्ये इंजिनचा चामडी पट्टा अजून खुंटीला असेल. तो जाड असतो, बैलाच्या चामड्याचा. शेत ज्यांनी घेतलं त्या रँकिनला त्या विचारणार आहेत. शुक्रवारी जायचं. माझ्या गाडीने, कारण त्यांच्या गाडीची बॅटरी उतरलीय. जुलैपासून ती गाडी हललेली पाहिली नाही. बॅटरी बदलायला दहा मिनिटं लागतात. पण काही लोकांना दुसऱ्याच्या गाडीत बसायला आवडतं.

१० सप्टेंबर, शुक्रवार

पट्टा मिळाला. हे मोठं काम झालं, म्हणून सविस्तर लिहिते.

शेत गावापासून बावीस किलोमीटर. गहू गुडघ्यापर्यंत आलाय. मिसेस हाइनरिख वाटेत एकदाही बाहेर काय दिसतं ते बोलल्या नाहीत, पण प्रत्येक वळणाआधी म्हणत, आता डावीकडे, आता खडबडीत लागेल. रस्ता त्यांना पाठ आहे.

शेडमध्ये अजून लोकरीचा तेलकट वास आहे. फळ्या गुळगुळीत झाल्यात, इतक्या वर्षांच्या मेंढ्यांच्या अंगांनी. मी पट्टा काढून दोन फूट कापून घेतला. त्याला पाच मिनिटं लागली. मिसेस हाइनरिख तेवढ्यात कठड्याला हात लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या, मग परत आल्या, मग पुन्हा गेल्या. प्रत्येक कातरणाऱ्याच्या जागेपाशी थांबत होत्या. चौथ्या जागी त्यांचा नवरा एर्विन उभा राहायचा म्हणे, पहाटेच्या शिफ्टला. मी दारात उभी राहून गाडीची किल्ली खुळखुळवली. मला एकपर्यंत परत यायचं होतं, चामड्याचा डिंक विकणारं दुकान शुक्रवारी एकला बंद होतं, ते सोमवारीच उघडतं.

घरासमोरून गेलो तेव्हा रँकिनच्या बायकोने चहाला हाक मारली. मिसेस हाइनरिख नको म्हणाल्या. फाटकापाशी मला गाडी थांबवायला लावली, काच खाली केली आणि नुसत्या बसून राहिल्या. वारा गव्हातून येत होता. मग म्हणाल्या, “आयरिस, तुला कधी वाटलं नाही, इथून उठून दुसरीकडे जावं?”

मी म्हटलं, “मी कुठे जाणार? मला कुणी आहे का दुसरीकडे?”

“नाही, ते खरं,” म्हणाल्या. “तू जाणार नाहीस.”

घरी सोडलं तेव्हा त्यांनी मला बेगोनियाच्या तीन कुंड्या आणि मुरंब्याच्या रिकाम्या बाटल्यांचं खोकं दिलं. साफसफाई काढलेली दिसते. अडगळ दुसऱ्याच्या गळ्यात घालायची ही बरी रीत. बेगोनिया मात्र छान आहेत.

१५ सप्टेंबर, बुधवार

लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

चामडं दोन दिवस भिजवलं, कापलं, शंकूला चिकटवलं, तांब्याचे रिबिट मारले. बेअरिंगं अजून आली नाहीत. पात्यांचा रूळ काढूनच ठेवलाय. पण क्लच बसतो का ते बघायची घाई झाली होती. आतलं जुनं बेअरिंगच तात्पुरतं परत घातलं, नुसता मागचा रोलर चेनला जोडला, इंजिन सुरू केलं, दांडा ढकलला. यंत्र झोकात निघालं. मी खूश. दांडा मागे ओढला. यंत्र थांबेना. चामडं जाड झालं होतं, शंकू वाटीत रुतला तो सुटेचना. मी हँडल धरून मागून पळतेय, त्र्याहत्तराव्या वर्षी, आणि इंजिन बंद करायची खिटी कुठे आहे तेच मला आठवेना. यंत्र लॅव्हेंडरच्या वाफ्यातून गेलं आणि कुंपणाच्या दोन फळ्या मोडून थांबलं.

मिसेस हाइनरिख खुर्चीत हसत होत्या. तोंडावर हात घेऊन, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला माझा गुडघा दुखत होता.

मी म्हटलं, “तुमचं काय जातं? तुम्हाला बसून तमाशाच बघायचाय. मार्चमध्ये शेवटच्या सामन्यात तरी दुसरं काय केलंत? हातभर अंतरावरची कमान. शेंबडं पोरही चेंडू घालेल. तुम्ही बाजूला मारलात. तुम्हाला जिंकायचंच नव्हतं.”

त्या हसायच्या थांबल्या. मग म्हणाल्या, “ती कमान मला घालायची होती, आयरिस.” खुर्ची मिटली, थर्मास उचलला आणि गेल्या. दाराच्या चौकटीला खांदा आपटला, तरी थांबल्या नाहीत.

२० सप्टेंबर, सोमवार

मिसेस हाइनरिख आलेल्या नाहीत. पाच दिवस झाले. बरं झालं. निवांत काम होतं.

काचकागदाने चामडं घासून पातळ केलं. आता शंकू हाताने दाबला की बसतो, ओढला की सुटतो. पण कामात लक्ष नाही. आज एक वॉशर तीनदा हातातून पडला. दारातून उजेड सरळ आत येतो, मध्ये काही अडत नाही, तो डोळ्यांवर येतो. दुपारी डबा उघडला आणि लक्षात आलं की सकाळपासून मी तोंडातून एक शब्द काढलेला नाही. पूर्वी असे कित्येक दिवस गेलेत, कधी मोजले नाहीत. आज का लक्षात यावं?

बेअरिंगं आली.

२१ सप्टेंबर, मंगळवार

रुळाचं बेअरिंग एकट्याने बसत नाही, हे वहीत नोंदवून ठेवते. काल रात्रीपासून बेअरिंग फ्रीजरमध्ये, मटाराच्या पिशवीशेजारी ठेवलं होतं. घर, म्हणजे ज्यात ते बसतं तो लोखंडी गोळा, गावच्या हॉलमधल्या ओव्हनमध्ये तापवला. थंड आकसतं, गरम फुगतं, त्यामुळे बेअरिंग घरात आपोआप उतरलं. इथवर मी एकटीने केलं. पण पुढे रूळ उभा धरून त्याच्या टोकावर हे घर हळूहळू ठोकायचं असतं, आतल्या कडीवर नळी ठेवून. रूळ बारा-तेरा किलोचा, सगळीकडून पाती. एक हात धरायला, दोन ठोकायला. मला तीन हात नाहीत.

चारला मिसेस हाइनरिखच्या दारावर गेले. दार उघडायला वेळ लागला. ओसरीत खोकी रचलेली होती, भिंतीवरच्या तसबिरी उतरवलेल्या. चर्चच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीला दरवर्षी पुष्कळ देतात त्या, यंदा फारच देताहेत. स्वयंपाकघरात एकच पातेलं बाहेर होतं.

मी दारातूनच म्हटलं, “मला रूळ धरायला कुणीतरी हवंय.”

त्या माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाल्या, “तेवढ्यासाठीच आलीस?”

“हो.”

“बरं,” म्हणाल्या. “कोट घेते.”

२४ सप्टेंबर, शुक्रवार

चालू झालं.

क्लचचं नवं बेअरिंग बुधवारी घातलं. त्याच्या आदल्या संध्याकाळीच मिसेस हाइनरिखनी पोत्यात गुंडाळलेला रूळ मांडीत उभा धरला, बाळाला धरतात तसा. मी ठोकलं. प्रत्येक ठोक्यानंतर त्या रूळ जरा फिरवून बघत आणि सांगत, “डावीकडे तिरकं जातंय.” त्यांचं बरोबर निघालं. काल सगळं परत जोडलं. उलट्या आट्याचा नट आवळताना मी म्हटलं, हा उलटा फिरतो, तुम्ही म्हणाला होतात तसा. त्या म्हणाल्या, “माहीत आहे. दुसऱ्या दिवशी तू तेलाचं सांगितलंस ना, तेव्हाच कळलं. तुला थापा मारता येत नाहीत.”

आज पाती लावली. फिरता रूळ खालच्या पात्याला जेमतेम स्पर्श करायला हवा, कागदाची पट्टी कात्रीने कापावी तशी कापली गेली पाहिजे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझ्या हाताने एका बाजूला कापे, दुसऱ्या बाजूला कागद दुमडे. मिसेस हाइनरिखनी खाली बसून पात्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. मला बघवेना. म्हणाल्या, उजवा स्क्रू एक चतुर्थांश फिरव. फिरवला. पट्टी सरळ कापली गेली.

मग मैदानावर नेलं. दांडा ढकलला, यंत्र चाललं. ओढला, थांबलं. करकर नाही, वास नाही. हरळीचा हिरवा फवारा पुढच्या पेटीत उडत होता. पहिल्या फेरीला उंचच ठेवलंय, एकदम खाली घेतलं तर मुळं उघडी पडतात.

अर्धं मैदान झाल्यावर वळून पाहिलं, तर मिसेस हाइनरिख बूट आणि मोजे काढून कापलेल्या पट्ट्यावर अनवाणी चालत होत्या. कडेपर्यंत गेल्या, पायाने न कापलेलं लागलं की थांबल्या, वळल्या. चेहरा इतका शांत होता की मी यंत्र बंद करून काही विचारणार होते. पण पुढचा पट्टा कापायला लागले.

२ ऑक्टोबर, शनिवार

आज चौथी कापणी. हरळी आता बसली. नंतर शेडमध्ये चहा घेताना मिसेस हाइनरिख म्हणाल्या, तुला एक सांगायचंय.

त्यांची दृष्टी गेलीय. पूर्ण नाही. मधलं दिसत नाही, फक्त कडांचं दिसतं. समोर बघितलं की माणसाच्या चेहऱ्याच्या जागी राखाडी ठिपका, म्हणून खांद्यावरून पलीकडे बघतात, म्हणजे कडेने चेहरा थोडा सापडतो. दोन वर्षं झाली. जुलैत गाडीचा परवाना गेला. डॉक्टर म्हणाले, आता एकटं राहू नका. मुलगी ट्रूडी क्वीन्सलंडला, टूवूम्बाला असते. तिने खोली तयार केलीय. सामानाचा ट्रक ११ तारखेला येणार. ऑगस्टमध्येच येणार होता, त्यांनी पुढे ढकलला.

मी विचारलं, कशासाठी ढकलला. त्या म्हणाल्या, सामना आहे ना.

मला राग आला, का ते सांगता येत नाही. मी म्हटलं, “महिनाभर माझ्यासमोर बसलात आणि मला सांगितलं नाहीत.”

“तू विचारलंस का?” म्हणाल्या. आवाज चढवला नाही. “मी रोज बसून होते, आयरिस. कमान चुकली तेव्हा विचारायचंस. चष्म्याचं विचारायचंस. तू मनातल्या मनात निकाल देऊन मोकळी होतेस.”

मी कप धुतले. दोनच होते, तरी बराच वेळ धूत होते.

घरी येऊन ही वही पहिल्यापासून वाचली. पोस्टात मी गावातल्या प्रत्येकाचं अक्षर ओळखायची, पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव नसलं तरी. तेवढ्यावर मला वाटायचं की मला माणसं कळतात.

९ ऑक्टोबर, शनिवार

सामना झाला.

मेटलंडच्या दोघी आल्या, मिसेस ऑलिव्ह जॉलिफ आणि तिची नणंद. मैदान कमिटीचा अध्यक्ष टोपी घालून खुर्चीत बसला होता. सकाळी दव वाळल्यावर मी शेवटचा हात मारला होता. मिसेस जॉलिफ कडेला उभी राहून बघत राहिली आणि तिने विचारलं, कुणाला बोलावलंत कापायला? मी म्हटलं, आम्हीच.

पहिल्या तासात मिसेस हाइनरिखचे पाच टोले फुकट गेले. चेंडूपर्यंत हातोडा नीट जायचा, हात पक्का आहे, पण दिशा नव्हती. मेटलंडच्या दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग मी जे केलं ते नियमात बसतं की नाही मला माहीत नाही. मी कमानीच्या मागे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, “मेल्व्हा, इकडे. माझ्या आवाजावर.”

तिने मान तिरकी केली. “बोलत राहा.”

चार माणसं बघत होती. मी कमानीमागून सांगत राहिले की हरळी या बाजूला जरा दाट आहे, वारा समुद्राकडून आहे, मिसेस जॉलिफची हॅट फार मोठी आहे. टोला बसला. चेंडू लोळत आला, कमानीच्या पायाला घासला, क्षणभर अडल्यासारखा वाटला आणि आत आला. मेल्व्हाला तो आत गेलेला दिसला नाही. तिने माझ्याकडे तोंड केलं आणि वाट बघत राहिली. मी म्हटलं, गेला. मिसेस जॉलिफने टाळ्या वाजवल्या. आपल्या हॅटला हात लावून बघितला आणि पुन्हा वाजवल्या.

नंतर प्रत्येक कमानीमागे मी उभी राहिले. तीन तास मी इतकी बडबड केली की घसा बसला. वडिलांचं सांगितलं, पोस्टातल्या उंदराचं सांगितलं, पंचेचाळीस साली नाचाच्या कार्यक्रमाला एकाने नेतो म्हणून नेलं नाही तेसुद्धा सांगितलं, जे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

आम्ही हरलो. सव्वीस विरुद्ध अकरा. अध्यक्षाने मटण भरलेल्या दोन पेस्टी खाल्ल्या आणि मार्चपर्यंत बघू म्हणाला. मेटलंडच्या बायका पंधरवड्यातून एकदा गुरुवारी येऊन खेळायचं म्हणतात, त्यांचं मैदान उंदरांनी पोखरलंय.

११ ऑक्टोबर, सोमवार

ट्रक आठला आला. ट्रूडी मोठी, घाईची बाई आहे, आईच्या दंडाला धरून चालवते, ते मेल्व्हाला आवडत नाही, पण ती बोलत नाही. मी फाटकापाशी उभी होते. मेल्व्हाने हात पुढे केला. तिचा हात कोरडा आणि गरम होता. मी म्हटलं, सांभाळून जा. ती म्हणाली, जेवत जा.

एवढंच झालं. मला वाटलं होतं मी काहीतरी जास्त बोलेन.

१४ ऑक्टोबर

कापणी. गुरुवार, पण मेटलंडचा नाही, पुढचा त्यांचा. पेटीतलं गवत फार कमी निघालं.

१९ ऑक्टोबर

कापणी. पाऊस नाही. यंत्र उत्तम चालतं. कडीनाच्या माणसाला फोन करून हे सांगावंसं वाटलं, केला नाही.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

मेटलंडच्या आल्या, चौघी. मिसेस जॉलिफ छोटी हॅट घालून आली. चांगल्या आहेत. चारला गेल्या.

२३ ऑक्टोबर, शनिवार

मेल्व्हाला पत्र लिहायला बसले. दोन ओळी लिहिल्या आणि लक्षात आलं की ते ट्रूडी वाचून दाखवणार. स्वयंपाक करता करता, मोठ्या आवाजात. मग हवेचं लिहिलं, बेगोनियाचं लिहिलं. पाकीट बंद केलं. वाचून बघितलं असतं तर वीज कंपनीची नोटीस वाटली असती.

३१ ऑक्टोबर, रविवार

आज फोन केला. नंबर ट्रूडीने पाठवला होता, आठवडाभर फोनखाली ठेवला होता.

ट्रूडीने उचलला, आईला बोलावते म्हणाली. बराच वेळ नुसता नळाचा आवाज. मग मेल्व्हा आली. तिकडे उकडतं म्हणाली. खोली चांगली आहे, खिडकीतून मोठा रस्ता ऐकू येतो. नातवंडं दमलेली असतात. मी क्लबाचं सांगितलं, मेटलंडच्या बायकांचं सांगितलं. मग माझ्याकडचं सगळं संपलं. एरवी अशा वेळी मी म्हणते, बरं, ठेवते.

आज म्हटलं, “मेल्व्हा, मला करमत नाही.”

पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला, आणि खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं, की हे कुणी ऐकलं नाही.

मग ती म्हणाली, “अगं, मला तिथेसुद्धा करमत नव्हतं. एर्विन गेल्यापासून. तू काय समजलीस, मला तुझ्या त्या यंत्राची आवड होती?”

मी म्हटलं, मला तसंच वाटलं होतं.

ती हसली. हसून झाल्यावर विचारलं, दुपारी काय जेवलीस. मी अंडं आणि टोस्ट म्हटलं. ते जेवण नव्हे, म्हणाली. मग विचारलं, पुढच्या रविवारी कितीला करतेस? मी म्हटलं, दोनला. ती म्हणाली, दीडला कर, ट्रूडी मुलांना पोहायला नेते, घरात कुणी नसतं, मग काय वाटेल ते बोलता येतं.

फोन ठेवला तेव्हा पावणेतीन वाजले होते. उठून बटाटे सोलले, गाजरं घेतली, फ्रीजमधला मटणाचा तुकडा बाहेर काढला. शिजायला दीड तास लागला. टेबलाशी बसून जेवले, सगळं.